मालूवहिनी बसत नाही

माझी वहिनी मालू, तिला बसलेली कुणी पाहिली असेल तर येऊन मला सांगावं, मी पनवेलच्या बाजारातून पेढे आणून त्याचं तोंड गोड करीन. पंगतीत ती वाढायला उभी, पूजेला ती प्रसादाच्या पातेल्याशी उभी, टीव्हीवर मालिका लागली की दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिच्याच लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो आहे आमच्याकडे. त्यात सगळे खुर्च्यांवर बसलेत आणि ही मागे, अर्धी फोटोच्या बाहेर, कारण आत कुकरची शिट्टी झाली होती. भगवानदादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणतो की नेऱ्याच्या माहेरच्यांनी हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवली. दादा स्वतः एकदा खुर्चीत बसला की खुर्चीसकट उचलावा लागतो, तेव्हा त्याचं बोलणं फार मनावर घेऊ नये.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा ती विशीची आणि मी कॉलेजात. दोघी मागच्या पायरीवर तासन् तास बसायचो. कैरीला तिखटमीठ लावून खायचो आणि गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाची टिंगल करायचो. आई आतून ओरडायची, "वसे, तिला कामाला सोड!" वहिनी तोंडात पदर कोंबून हसायची. तशी ती बसायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग तिला पहिला मुलगा झाला. तिची आई आधीच वारली होती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. आमच्या घरात बाळाला बारशापर्यंत नवा कपडा घालत नाहीत. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचं जुनं लुगडं फाडायचं, त्याचीच दुपटी, त्याचेच लंगोट. जिनं ते लुगडं नेसून आयुष्य काढलं, तिचं आयुष्य बाळाला लागतं म्हणे. तेव्हा आजी नव्हती, म्हणून मान आईचा. आईने आपली हिरवी पत्र्याची ट्रंक उघडली, एक जांभळं लुगडं काढलं आणि मधोमध फाडून अर्धं बाळाला केलं. त्या ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा असा वास यायचा की खोलीभर. मला तो वास फार आवडायचा. सणाला आई ट्रंक उघडायची, म्हणून तो मला सणाचाच वास वाटायचा.

बाळ पिवळं पडलं. सगळी पडतात, उन्हात धरा, असं ज्याने त्याने सांगितलं. आम्ही उन्हात धरलं. पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद नि पेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाळाने दूध सोडलं, पाठ कमानीसारखी ताठ केली, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बारसं झालंच नाही, म्हणून त्याला नावही नाही. मी आत्या. कानात नाव मीच सांगायचं होतं, आणि त्या जोरावर मी मैत्रिणींत आठवडाभर मिरवत होते.

भेटायला बायका आल्या होत्या, त्यांच्यासमोर आई म्हणाली, "हिच्या म्हायेरचाच दोष हाय. हिच्या आयशीचा पन एक असाच पिवला होऊन गेला."

एकदाच म्हणाली. पण गावाला एकदाच पुरतं. त्या दिवसापासून वहिनी बसायची बंद झाली. पायरीवर मी एकटी. पुढे दोन वर्षांनी हेतल झाली. तिलाही त्याच ट्रंकेतलं लुगडं गुंडाळलं आणि पोरगी टुणटुणीत निघाली. त्यामुळे लुगड्याचा कुणाला संशय यायचं काही कारणच नव्हतं.

हेतल मोठी झाली, उलव्याला दिली, आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे वहिनीच्या घरी. मग काय विचारता! सगळे नातवाची वाट बघतायत आणि ही बाई देवळात जाऊन चक्क मुलगी दे म्हणून नवस बोलून आली. मला पुजाऱ्याच्या बायकोने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे पोरी जगतात, वसू. पोरग्यांचा भरवसा नाय."

झाला मुलगाच. जावई हृतिक पेढ्यांचे बॉक्स घेऊन नर्सिंग होमभर नाचत होता. वहिनीने पेढा हातात घेतला आणि तसाच पर्समध्ये टाकला.

बाळ घरी आलं. जुनं घर पाडून आता इमारत झालीय, घरात सगळ्यांत म्हातारी मात्र आईच, ऐंशीच्या पुढची. गुडघे गेले, पण हट्ट शाबूत. पुन्हा ती हिरवी ट्रंक उघडली. या खेपेला वहिनीने स्वतःच्या हाताने लुगडं फाडलं, दुपटी केली, त्याच्यातच बाळ गुंडाळून ठेवलं. मनात म्हणत असेल, हिचं आयुष्य लागू दे बाबा याला, एवढी वर्षं जगलीय. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पाचवीच्या दिवशी दुपारी मी पूजेचं घेऊन गेले. नैवेद्याला वाल भिजवलेले, पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला, आई पलंगावरून हुकूम सोडतेय. वहिनी बाळाला घेऊन खिडकीशी उभी होती. येरझाऱ्या, मग खिडकी, पुन्हा येरझाऱ्या. शेवटी मीच ओरडले, "अगं, ठेव त्याला खाली, चक्कर येईल पोराला!"

"वसू, इकडे ये," ती म्हणाली. तिने बाळाच्या कपाळावर बोट दाबून उचललं. खालची कातडी हळदीसारखी. मग पाय उघडा करून तळवा दाखवला. तोही पिवळा. मग लंगोट दाखवला. त्यावर कोऱ्या चहासारखा डाग.

"ही लघवी मी आधी पाहिलीय," वहिनी म्हणाली. "आमच्या कमळाकरची."

कमळाकर तिचा धाकटा भाऊ. उलव्याला बांधकामांवर रेती-खडी पुरवतो. काही वर्षांपूर्वी त्याला तिथे मलेरिया झाला. ताप उतरला, पण गोळ्या चालू असतानाच लघवी काळी झाली, डोळे पिवळे, आणि एवढा धिप्पाड माणूस जिना चढेना. रक्त चढवावं लागलं. कुणी म्हणालं कावीळ, कुणी म्हणालं करणी. हॉस्पिटलात त्याच्याजवळ वहिनी होती. उभी, अर्थात.

"मी याला नेते," वहिनी म्हणाली.

आई पलंगावर ताठ झाली. "कुठं नेतंस? पाचवी पुजल्याबिगर पोर उंबऱ्याभायेर न्यायचा नाय. सटवाई येयाची हाय आज."

"आली तर सांगा, बाळ डॉक्टरकडे गेलंय."

"मालू!"

आईच्या त्या आवाजाला आम्ही सगळे अजून घाबरतो. दादा तर गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत पळाला. हेतल रडायला लागली. वहिनी उंबऱ्यात उभी, छातीशी बाळ, आणि तिचा आवाज चढलाही नाही. "गेल्या वेळी मी तुमचं ऐकलं, आई," एवढंच म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

मी मागून धावले. खाली आल्यावर कळलं की एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्या पायात दादाची. दादाला किल्ली सापडेपर्यंत आम्ही रिक्षात बसून निघालोसुद्धा. म्हणजे मी बसले होते. वहिनी सीटच्या कडेला, रिक्षाचा दांडा धरून, जणू हिने ढकलली तर रिक्षा जोरात जाईल. रस्त्यात डंपरची रांग. वहिनीने डोकं बाहेर काढून त्या डंपरवाल्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या मला ठाऊकही नव्हत्या.

मुलांच्या हॉस्पिटलात डॉ. दिपिका म्हणून तरुण बाई होती. तिने बाळाला पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. धडाधड रक्त काढलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. कावीळ भयंकर वाढलेली, रक्त निम्म्यावर आलेलं. "तांबड्या पेशी फुटतायत," ती म्हणाली. "कावीळ डोक्यात चढायच्या आत रक्त बदलावं लागेल. सह्या कोण करणार?" तेवढ्यात हेतल आणि हृतिक पोचले. सही हेतलने केली.

मग डॉक्टरने ते दुपटं उचललं, बाजूला टाकता टाकता थांबली आणि नाकाशी नेलं. "हा वास कसला?"

"डांबरगोळ्यांचा," मी म्हटलं. "आईच्या ट्रंकेतलं आहे. जुनेर."

"बाळ आल्यापासून यातच आहे?"

"यातच."

तिने वळून विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालंय? आईच्या माहेरी? मामा वगैरे?"

वहिनीने सगळं सांगितलं. कमळाकरचं. तिच्या आईच्या मुलाचं. आणि स्वतःच्या पहिल्याचं. त्याच्याबद्दल बोलताना मी तिला त्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरने कमळाकरला फोन लावायला सांगितला आणि गोळ्या कुठल्या होत्या ते विचारलं. बिचारा खडीच्या ढिगावरून ओरडून सांगत होता, मलेरियाच्या, मलेरियाच्या!

डॉक्टरने आम्हाला समजेल असं सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशीला सांभाळणारं एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पीडी त्याचं नाव. ते बनवायची माहिती एका जीनमध्ये असते. काही घरांत त्या जीनमध्येच खोट असते, मग एन्झाइम कमी पडतं. "खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला रंग नसला की गंज खातो ना, तसं," ती म्हणाली. "एरवी माणूस ठणठणीत. पण काही औषधं, काही वस्तू चालत नाहीत. डांबरगोळी त्यातलीच. तिच्या वासानेसुद्धा पेशी फुटतात." हा जीन आईकडून मुलाकडे जातो. बायकांकडे त्याची आणखी एक चांगली प्रत असते, म्हणून त्यांना सहसा काही होत नाही, आणि मुलांना होतं.

"म्हणजे माझ्याकडून," वहिनी म्हणाली.

"तुमच्याकडून हेतलला, हेतलकडून बाळाला. पण हे कुणी देत नाही, मावशी. घारे डोळे येतात तसं येतं. तपासणी करूच, काही महिन्यांनी परतही करू. आता मला आत जाऊ द्या."

रक्त बदलायला लागले ते तास मी कसे काढले, मला विचारू नका. आणि वहिनी? त्या दारापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून दारापर्यंत. वॉचमनने दोनदा सांगितलं, मावशी बसा. तिसऱ्यांदा सांगायला आला तेव्हा मीच त्याला हाताने लांब केलं. मधेच तिने घरी फोन करून भिजवलेले वाल फेकायला सांगितले, कारण न चालणाऱ्या वस्तूंत डॉक्टरने कुठल्याशा शेंगेचंही नाव घेतलं होतं. अगं, ती शेंग आपल्याकडे पिकतही नाही, वाल वेगळे, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं! पण नाही. आम्हा आगरी माणसांच्या घरात वाल बंद, हे ऐकून दादाने फोनवर दोनदा 'काय?' म्हणून विचारलं. मग ही हृतिकच्या शर्टाची बाही हुंगून आली, हेतलची ओढणी हुंगली, माझा पदर हुंगला. मला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. ते इवलंसं पोर आत, अंगातलं सगळं रक्त दुसऱ्याचं भरतायत, आणि आपण बाहेर पदर हुंगतोय.

ते वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कावीळ उतरत चालली, डॉक्टर पहिल्यांदा हसली, आणि बाळाने हेतलचं दूध ओढलं. हृतिक भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. मी सगळ्या देवांची नावं घेतली, एकही सोडला नाही.

वहिनीने डॉक्टरला गाठलं. "माझा पहिला. तोही याच्यानेच?"

"तेव्हाचं आज खात्रीने नाही सांगू शकत मी," डॉक्टर म्हणाली. "पण तुम्ही जे सांगताय त्यावरून, तसंच असणार."

मला वाटलं ती रडेल. ती नाही रडली. भडकली! कॉरिडॉरमध्ये माझं मनगट धरलं, बांगडी रुतली माझी. "ऐकलंस ना? तुझ्या आयशीची ट्रंक. तुझ्या आयशीनं गुंडाळला त्याला, आणि बोल मला लागला. तीस वर्षं, वसू! लग्नात कुणी आपलं तान्हं माझ्या हातात देत नव्हतं. माझ्या पोराला माझाच दोष लागला म्हणून मी तीस वर्षं..." तिने माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "ती ट्रंक आज घराबाहेर जाणार. आणि का जाते ते मी तिला सांगणार. आजच."

ट्रंक जायलाच हवी होती. बाळ त्याच घरात येणार होतं. आणि ट्रंकेला हात लावला की आई कारण विचारणार, हेही ठरलेलं. शेवटी ती माझी आई. "वहिनी, सांभाळून सांग गं," मी विनवलं. "ऐंशीच्या पुढे आहे ती. तिला सोसायचं नाही."

"मी किती वर्षांची होते तेव्हा?" वहिनी म्हणाली. "मला सोसलं?"

मी रिक्षाला हात केला.

घरी येईपर्यंत ती रिक्षात पुटपुटत होती, काय काय बोलायचं ते जुळवत होती. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. वाटेत भंगारवाला दिसला होता, त्याला इमारतीखाली थांबायला सांगून आली. आई पलंगावर तशीच. पाचवीचा पाटा तिने कुणाला उचलू दिला नव्हता.

"पोर कसा हाय?"

"बरा हाय. दूध पितो."

आईने कपाळाला हात लावला. वहिनी सरळ ट्रंकेपाशी गेली, झाकण उघडलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि लुगडी बाहेर काढायला लागली.

"ट्रंक कशाला काढतंस गो?"

वहिनी थांबली. एवढं रिक्षात जुळवलेलं, ते सगळं तिने बाजूला ठेवलं. म्हणाली, "डांबरगोळ्यांनी त्याचं रक्त फुटलं, आई. काही मुलांना चालत नाय हा वास. आमच्या रक्तातच हाय तसं."

आई बघत राहिली. म्हातारी झाली तरी तिचं डोकं कुणाला हार जाणारं नाही. तिने हात पुढे केला. वहिनीच्या हातात जे होतं ते ओढून घेतलं. अर्धं जांभळं लुगडं. उरलेलं अर्धं. फाडलेल्या कडेचे दोरे अजून तसेच लोंबत होते.

"अर्धा त्याला केलाता," आई म्हणाली. ते दोरे बोटाला गुंडाळत राहिली. मग, "म्हंजे मीच मारला."

मी वहिनीकडे बघितलं. हो म्हण, म्हणत होता माझ्यातला अर्धा जीव. नको म्हणू, म्हणत होता उरलेला.

"नाय," वहिनी म्हणाली. "तुमी गुंडाळलात, आणि रक्त माझं होतं. दोघींच्या हातून झालं. दोघींना कळलं नाय. पण तुमी बोललात फक्त मला." आणि आता ती रडायला लागली, उभ्या उभ्या, लहान पोरीसारखी नाक ओढत. "मला कशाला बोललात, आई?"

आईने माफी मागितली असं मी सांगणार नाही. आमच्या आईला ते येत नाही. तिने पलंगावर हात आपटला. "बस."

आणि वहिनी बसली. शपथेवर सांगते, पाय वर घेऊन, मागच्या पायरीवर बसायची तशी बसली. आईने ते अर्धं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"काय नाव ठेवनार होतीस त्याचा?"

"कुंदन," वहिनी म्हणाली. विचार करायला क्षणभरही लागला नाही तिला.

आई माझ्याकडे वळली. "वसे, आत्या हाईस ना तू? का नुसतीच उबी हाईस? ठेव नाव."

मी वाकले. वहिनीच्या मांडीवरच्या त्या फाटक्या लुगड्यापाशी तोंड नेलं. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि मला भडभडून आलं. पण मी म्हटलं. आत्याने म्हणायचं असतं तसंच, पूर्ण म्हटलं. "कुर्रर्र, कुंदन."

नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मी वाकलेलीच होते. पाठीवर आधी एक हलका, थरथरता धपाटा बसला, तो आईचा. मग दुसरा. तो इतका जोरात बसला की माझा चष्मा खाली पडला.

वहिनीने नाक पुसलं, काढलेली लुगडी पुन्हा ट्रंकेत टाकली, त्या अर्ध्या लुगड्याची घडी सगळ्यांच्या वर ठेवली आणि झाकण लावलं.

"धर त्या बाजूनं," ती उठून म्हणाली. "भंगारवाला खाली थांबलाय."